समुपदेशनातला 'उपदेश': 'डिअर जिंदगी', 'कासव' आणि लखनौची नूर मंझिल

प्रास्ताविक

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात 'तुम्हाला समुपदेशक का व्हायचे आहे?' असे विचारले, तर एक उत्तर हमखास येते. 'सगळे माझ्याकडे येऊन मन मोकळे करतात, म्हणून.' हे उत्तर खोटे नसते. रात्री अकरा वाजता वसतिगृहाच्या खोलीचे दार कोणीतरी वाजवते, तासभर रडते, जाताना 'बरे वाटले' म्हणते. आपल्याला वाटते, हे काम आपल्याला जमते.

दुसरे उत्तर असते, 'डिअर जिंदगी पाहिला, तेव्हापासून.'

या लेखात आपण या दोन्ही उत्तरांची तपासणी करणार आहोत. त्यासाठी दोन चित्रपट, एक संस्था आणि एक संशोधन प्रकल्प समोर ठेवू. प्रश्न एकच आहे: ऐकणारा माणूस जन्मतो की घडवावा लागतो? आणि घडवावा लागत असेल, तर ते घडवणे पडद्यावर दिसत का नाही?

१. आधी शब्द पाहू

मराठीत आपण 'समुपदेशन' म्हणतो. शब्द फोडून पाहा: सम् अधिक उपदेशन. म्हणजे आपल्या व्यवसायाच्या नावातच उपदेश बसलेला आहे. गंमत अशी की समुपदेशनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात 'समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे' असे वाक्य असते. नाव एक सांगते, व्याख्या दुसरे सांगते.

लखनौला हाच विभाग शोधायला गेलात, तर दारावर हिंदीत 'परामर्श' लिहिलेले सापडेल. त्या संस्कृत शब्दाच्या मुळाशी 'मृश्' हा धातू आहे. स्पर्श करणे, चाचपणे, त्यावरून विचार करणे असा त्याचा अर्थ. अंधारात एखादी वस्तू दोघांनी मिळून हाताने चाचपून ओळखावी, तसे काहीसे. रोजच्या हिंदीत परामर्शाचा अर्थही 'सल्ला' असाच झाला आहे. पण मुळाकडे पाहिले तर आपल्या कामाचे अधिक खरे वर्णन त्या शब्दात आहे.

ही शब्दांची कसरत नाही. आपल्याकडे आलेली व्यक्ती ज्या अपेक्षेने खुर्चीवर बसते, ती अपेक्षा या शब्दांनीच घडवलेली असते. 'मॅडम, मी काय करू ते सांगा' हे वाक्य तुम्ही पुढे शेकडो वेळा ऐकाल. आता दोन्ही चित्रपट उपदेश आणि परामर्श या दोन टोकांमध्ये कुठे बसतात ते पाहू.

२. 'डिअर जिंदगी': बोलणारा समुपदेशक

गौरी शिंदे दिग्दर्शित हा हिंदी चित्रपट नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रदर्शित झाला. कायरा (आलिया भट्ट) ही तरुण छायालेखिका मुंबईहून गोव्याला आई-वडिलांकडे येते. झोप लागत नाही, नाती टिकत नाहीत. ती डॉ. जहांगीर खान (शाहरुख खान) यांच्याकडे जाऊ लागते. हळूहळू लहानपणीची जखम उघडी होते: आई-वडिलांनी तिला काही वर्षे आजी-आजोबांकडे ठेवले होते.

या चित्रपटाचे श्रेय आधी मान्य करू. लोकप्रिय हिंदी चित्रपटात मनाच्या दवाखान्याचा अर्थ बराच काळ विजेचे झटके आणि विनोदी वेडे एवढाच होता. इथे कमावती, हसरी, मित्रमैत्रिणींत रमणारी मुलगी मदत घ्यायला जाते आणि ते लाजिरवाणे ठरत नाही. किती तरी तरुणांनी यानंतर घरी 'मला कोणाशी तरी बोलायचे आहे' हे म्हणण्याचे धाडस केले असेल.

आता समुपदेशनाचा विद्यार्थी म्हणून पाहा. जोडीदार निवडण्याबद्दल बोलताना जहांगीर खुर्च्यांचे उदाहरण देतो: एक खुर्ची विकत घेतानाही आपण अनेक खुर्च्यांवर बसून पाहतो. कायराच्या मनातले अपराधीपण त्याने सैल होते. प्रसंग सुंदर आहे. पण ही उपमा कोणाची? त्याची. डोंगर चढण्याची उपमा? तीही त्याचीच. चित्रपटभर जिथे जिथे 'उमज' येते, तिथे तिथे ती त्याच्या तोंडून येते आणि कायरा ती स्वीकारते.

कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली बदलासाठी आवश्यक अटी मांडल्या. त्यात समुपदेशकाच्या बाजूने सच्चेपणा, विनाअट स्वीकार आणि समानुभूती यांचा समावेश होता. चतुराई त्यात नव्हती. ज्याला तुम्ही समजून घेत आहात, त्याला ते समजून घेणे जाणवलेही पाहिजे, एवढे ते सांगतात. या कसोटीवर जहांगीर पहिल्या दोन अटींत उत्तम आहे. तिसऱ्या अटीत तो घाई करतो. कायराने स्वतःचा शब्द शोधण्याआधीच तिच्या हातात त्याचा शब्द असतो.

असे का घडते? कारण चित्रपटाला संवाद हवेत, आणि ते संवाद मोठ्या नटाच्या तोंडी हवेत. खोलीतले समुपदेशन पडद्यावर जसेच्या तसे दाखवले, तर प्रेक्षक उठून जातील. 'हं... मग?', 'तेव्हा तुम्हाला एकटे वाटले', आणि त्यानंतर वीस सेकंदांची शांतता. दिग्दर्शिकेला दोष देण्याचे कारण नाही. पण हा चित्रपट पाहून या क्षेत्रात येणाऱ्याने हे जाणले पाहिजे की तो समुपदेशकाच्या प्रेमात पडलेला नसून पटकथेच्या प्रेमात पडलेला आहे.

मात्र शेवटचा प्रसंग प्रशिक्षणाच्या वर्गात जरूर दाखवावा असा आहे. कायरा आपल्याला तो आवडतो हे सांगते. मदत घेणाऱ्याच्या मनात मदत करणाऱ्याबद्दल अशी ओढ निर्माण होणे, जुन्या नात्यांतल्या भावना नव्या माणसावर येऊन बसणे, याला मनोविश्लेषणात 'ट्रान्सफरन्स' म्हणतात. जहांगीर तिला हिणवत नाही, खूश होत नाही, घाबरतही नाही. असे होणे स्वाभाविक आहे असे सांगतो आणि मर्यादा पाळतो. दार नीट बंद होते.

पण इथेच एक प्रश्न अनुत्तरित राहतो. ती गेल्यावर त्या खोलीत उरलेल्या माणसाचे काय? त्याच्या मनात जे उठले, ते तो कोणाकडे नेतो? खऱ्या व्यवसायात याचे उत्तर आहे: पर्यवेक्षकाकडे. जहांगीरला पर्यवेक्षक नाही, सहकारी नाहीत, शंका नाहीत. तो तयार होऊनच पडद्यावर येतो.

३. 'कासव': न बोलणारी सोबत

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' २०१६ चाच. ६४ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. आत्महत्येचा प्रयत्न केलेला एक तरुण (आलोक राजवाडे) भटकत असताना जानकीला (इरावती हर्षे) सापडतो. जानकी स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. समुद्रकाठी कासव संवर्धनाचे काम करणाऱ्या दत्ताभाऊंना (डॉ. मोहन आगाशे) ती मदत करते आहे. ती त्या मुलाला घरी आणते. नाव-गाव विचारत नाही. खाऊ घालते, अंथरूण देते, वाट पाहते.

भावे-सुकथनकर जोडीला मनाच्या आजाराचा विषय नवा नव्हता. स्किझोफ्रेनियावरचा 'देवराई' त्यांनी २००४ मध्ये केला होता. सुमित्रा भावे चित्रपटांत येण्याआधी समाजकार्याच्या अध्यापक होत्या, आणि डॉ. आगाशे तर मनोविकारतज्ज्ञच. त्यामुळे 'कासव'मध्ये आजाराचे तपशील हाताशी धरून चालणारी शिस्त दिसते.

कासवाची प्रतिमा दोन अर्थांनी येते. एक अर्थ सर्वांना सुचतो: भीती वाटली की अंग आत ओढून घेणारा जीव. दुसरा अर्थ आपल्या कामाचा आहे. कोकणच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी राखणारे कार्यकर्ते घरट्याभोवती कुंपण घालतात, कुत्र्या-कोल्ह्यांपासून जपतात. पण पिल्ले बाहेर आली की त्यांना उचलून पाण्यात टाकत नाहीत. वाळूवर सोडतात. समुद्रापर्यंतचे अंतर पिल्लाने स्वतःच चालायचे असते. समुपदेशकाची जागा सांगायला याहून नेमके चित्र मराठीत क्वचितच सापडेल. सुरक्षित जागा आपण राखायची, चालायचे त्याने.

म्हणून 'कासव' परामर्शाच्या जवळ जातो. पण त्याचीही मर्यादा सांगितली पाहिजे, आणि ती जिवाशी संबंधित आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला घरी आणून, काहीही न विचारता, प्रेमाने सांभाळणे हे कथेत उदात्त आहे. प्रशिक्षणार्थीने त्याचे अनुकरण करू नये. अशा वेळी विचारावे लागते, आणि स्पष्ट शब्दांत विचारावे लागते: 'जीव द्यावा असे मनात येते का? कसा, याचा विचार केला आहे का?' असे विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. विचारल्याने बहुधा त्या माणसाचा एकटेपणा कमी होतो. त्यानंतर घातक वस्तू दूर ठेवणे, घरच्यांना किंवा विश्वासातल्या माणसाला सामील करणे आणि मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवणे ही पावले येतात. इथे गोपनीयतेलाही मर्यादा असते, आणि ती मर्यादा पहिल्याच भेटीत सांगून ठेवायची असते.

जानकीला हे कोणी शिकवलेले नाही. तिच्याकडे जे आहे, ते तिच्या स्वतःच्या अंधारातून आलेले आहे. ते मोलाचे आहे, पण पुरेसे आहे का? या प्रश्नासाठी लखनौला जाऊ.

४. लखनौ: अनुभवाकडून संस्थेकडे

ई. स्टॅन्ले जोन्स (१८८४–१९७३) हे अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी १९०७ साली लखनौला आले. काही वर्षांच्या कामानंतर ते मनाने आणि शरीराने पुरते खचले. विश्रांती घेऊन परतले, तरी पुन्हा खचले. लखनौमध्येच एका प्रार्थनेच्या वेळी आपल्याला नवे बळ मिळाले, असे त्यांनी 'द ख्राइस्ट ऑफ द इंडियन रोड' (१९२५) या पुस्तकात लिहिले आहे. पुढे ते जगभर फिरणारे वक्ते झाले; गांधीजींशी त्यांचा स्नेह होता आणि १९४८ मध्ये त्यांनी गांधीजींवर पुस्तकही लिहिले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. ज्या माणसाचा स्वतःचा अनुभव 'प्रार्थनेने मी सावरलो' असा होता, त्याने इतरांना 'तुम्हीही प्रार्थना करा' एवढेच सांगून थांबणे सोपे होते. १९५० मध्ये त्यांनी लखनौच्या लालबाग भागात 'नूर मंझिल' हे मनोचिकित्सा केंद्र उभे केले. नूर म्हणजे प्रकाश. मिशनरी संस्थेने उभारलेल्या या केंद्रात मनोविकारशास्त्राचे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर आणले गेले.

टीका इथेही करता येते. धर्मसंस्थेच्या छत्राखाली मनाचा उपचार करताना श्रद्धा आणि उपचार यांची सरमिसळ होण्याचा धोका असतो. दुःखात असलेल्या माणसाचे मन मऊ झालेले असते, आणि मदत करणाऱ्याची श्रद्धा, कोणत्याही धर्माची असो, तिथे सहज उमटते. आजही प्रशिक्षणात हा प्रश्न जिवंत आहे. तुमचा देव, तुमचे राजकारण, लग्नाबद्दलची तुमची मते खोलीत किती यावीत? पण जोन्स यांच्या कृतीतला मुख्य धडा या टीकेने पुसला जात नाही. 'मी सावरलो' आणि 'मी सावरू शकतो' यांच्यामध्ये एक दरी असते, आणि ती प्रशिक्षणाने भरावी लागते, हे त्यांना कळले होते.

युंग यांच्या लेखनातून आलेली 'जखमी उपचारक' ही कल्पना तुम्ही ऐकली असेल. स्वतः दुखावलेला माणूस दुसऱ्याचे दुःख लवकर ओळखतो. खरे आहे. पण बरी न झालेली जखम दुसऱ्याच्या गोष्टीत स्वतःचीच गोष्ट ऐकते. वसतिगृहातली मैत्रीण तिच्या वडिलांबद्दल सांगत असते आणि आपण मनात आपल्या वडिलांशी भांडत असतो. म्हणून अनेक प्रशिक्षणक्रमांत प्रशिक्षणार्थीने स्वतःही समुपदेशन घ्यावे असा आग्रह धरला जातो. स्वतःचा अनुभव हे इंधन आहे, तो परवाना होत नाही.

५. पडद्याबाहेरचा गोवा

'डिअर जिंदगी'तल्या गोव्यात समुद्र आहे, सायकली आहेत, देखणे घर आहे. त्याच गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक वेगळी गोष्ट घडत होती. 'संगत' या संस्थेने डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली 'मानस' हा प्रयोग केला. आरोग्यक्षेत्राची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक पदवीधर स्त्रियांना सुमारे दोन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून नेमले; पाठीशी डॉक्टर आणि मनोविकारतज्ज्ञ होते. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: सरकारी केंद्रांत या पद्धतीने अधिक रुग्ण बरे झाले, खासगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही.

२०१७ मध्ये त्याच नियतकालिकात पुढच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सहा ते आठ भेटींचे समुपदेशन मिळाले. ते देणारे व्यावसायिक नव्हते, प्रशिक्षित स्थानिक लोक होते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटात ६४ टक्के आणि दुसऱ्या गटात ३९ टक्के लोक नैराश्याच्या लक्षणांतून बाहेर आले होते.

या आकड्यांवरून 'मग पदवी कशाला?' असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. या समुपदेशकांना काय काय दिले गेले ते पाहा. भेटींचा ठरलेला आराखडा. कोणाला पुढे पाठवायचे याचे नियम. आणि मुख्य म्हणजे भेटींचे ध्वनिमुद्रण: गट करून एकमेकांच्या भेटी ऐकायच्या, गुण द्यायचे, चुका सांगायच्या. आठवड्यामागून आठवडा.

ही पद्धत जुनी आणि कसाला उतरलेली आहे. रॉजर्स यांनी १९४२ च्या पुस्तकात एका व्यक्तीबरोबरच्या सर्व भेटींचे ध्वनिमुद्रणावरून उतरवलेले संभाषण छापले, तेव्हा बंद दाराआडचे काम पहिल्यांदा विद्यार्थ्यांसमोर उघडे झाले. आपण काय बोललो याची आठवण नेहमी आपल्या बाजूने झुकते. यंत्र तसे करत नाही. पहिल्यांदा स्वतःची भेट ऐकताना विद्यार्थ्याचा चेहरा उतरतो: 'मी तिला तीनदा मध्येच तोडले!' त्या क्षणी खरे प्रशिक्षण सुरू होते. अर्थात ध्वनिमुद्रणासाठी समोरच्या व्यक्तीची संमती आधी घ्यावी लागते, आणि नाही म्हटल्यास मदत थांबणार नाही हेही सांगावे लागते.

गोव्याच्या प्रयोगावरही एक आक्षेप नोंदवला पाहिजे. सहा-आठ भेटींच्या आराखड्यात गरिबी, दारूड्या नवरा, घरातली मारहाण बसत नाही. अशा वेळी 'दिवसात एक आवडीचे काम करा' हे सांगणे कोरडे वाटू शकते. आराखडा नवशिक्याला आधार देतो, पण तो माणसापेक्षा मोठा होऊ नये हे पाहावे लागते.

६. भाषा: न शिकवला जाणारा विषय

आपली पाठ्यपुस्तके इंग्रजीत विचार करतात, माणसे तसे करत नाहीत. लखनौच्या बाह्यरुग्ण विभागातली बाई 'जी घबराता है' म्हणेल; साताऱ्याची बाई 'जीव घाबरतो' म्हणेल. जी आणि जीव. दोघींनी 'एन्झायटी' हा शब्द वापरलेला नाही. प्रशिक्षणार्थी मात्र मनातल्या मनात तोच लिहितो आणि पुढे ऐकणे थांबवतो. कधी घाबरतो? सासरे घरी आले की? पाळी चुकली की? मुलाचा फोन आला नाही की? जीव म्हणजे इथे छाती, की श्वास, की जगणे?

'मनाला लागले', 'कसंतरी होतं', 'कशात मन रमत नाही' हे शब्द निदान नाहीत, दरवाजे आहेत. आपल्या भाषेत प्रशिक्षण घेण्याचा खरा लाभ इथे आहे. नुसत्या भाषांतरित संज्ञा पाठ करून तो मिळत नाही.

७. कायदा आणि वाट

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने (२०१५–१६) उत्तर प्रदेशासह १२ राज्यांत पाहणी केली. वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत असे त्यात दिसले. ही पोकळी पाहून अनेक जण घाईने पाट्या लावतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. समुपदेशकासाठी मात्र अनेक वर्षे देशभर लागू असा एकच परवाना नव्हता. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने वर्तन-आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत समुपदेशकांना स्थान दिले. म्हणून कोणताही अभ्यासक्रम निवडताना जाहिरात वाचू नका, चार प्रश्न विचारा: प्रत्यक्ष भेटींचे तास किती? पर्यवेक्षण कोण करणार, आणि आठवड्यातून किती वेळा? स्वतःचे समुपदेशन घेण्याची सोय आहे का? संकटाच्या वेळी रुग्णाला कुठे पाठवायचे हे ठरलेले आहे का? शनिवार-रविवारच्या शिबिरात मिळणारे प्रमाणपत्र या चारही प्रश्नांपुढे गप्प बसते.

समारोप

'डिअर जिंदगी' आपल्याला मदत मागायला शिकवतो, 'कासव' सोबत करायला शिकवतो. दोघेही आपापल्या जागी महत्त्वाचे आहेत. पण दोघांतही प्रशिक्षण अदृश्य आहे: एकात समुपदेशक आयता तयार आहे, दुसऱ्यात प्रेमच पुरेसे आहे. लखनौच्या नूर मंझिलचा आणि गोव्याच्या आरोग्य केंद्रांचा अनुभव या दोन्ही समजुती खोडून काढतो.

आज रात्री कोणी तुमचे दार वाजवले तर उघडा. ऐका. उपदेश करू नका. जिवाला धोका वाटला तर स्पष्ट विचारा, एकटे सोडू नका, आणि टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर दोघे मिळून फोन करा. तुम्ही अजून समुपदेशक नाही हे त्या व्यक्तीलाही सांगता येते. ते सांगण्याचा प्रामाणिकपणा हा या प्रशिक्षणाचा पहिला धडा आहे.

विचारासाठी प्रश्न

१. 'डिअर जिंदगी'तला खुर्च्यांचा प्रसंग पुन्हा पाहा. जहांगीरने उपमा न देता कायराला तिचा स्वतःचा शब्द सापडावा यासाठी काय विचारता आले असते? तीन वाक्ये लिहा.

२. 'कासव'मधली जानकी आणि गोव्यातली प्रशिक्षित स्थानिक समुपदेशक यांच्यात साम्य काय आणि फरक काय?

३. तुमच्या घरी मनाच्या त्रासासाठी वापरले जाणारे पाच शब्दप्रयोग लिहा. प्रत्येकाच्या पुढे निदान लिहू नका, त्यावर विचारता येईल असा एक प्रश्न लिहा.

४. 'समुपदेशन' या शब्दाला पर्याय सुचवायचा झाल्यास कोणता सुचवाल? कारण द्या.